लवंगीचा आवाज

हरणाबाईला बोलायला मेंढरांनी शिकवलं, असं तिची आई दगडाबाई सांगायची, आणि त्यात थोडं खरंही होतं. कवठे महांकाळच्या पलीकडं, माळावरच्या धनगरवस्तीत ही पोरगी जन्मली. दिवाळी सरली की बाप जोतिबा घोड्यावर बिऱ्हाड लादायचा आणि कळप हाकत कृष्णाकाठच्या हिरव्या मुलखात उतरायचा. आज या रानात, उद्या त्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळायचं, मेंढरांना चारा. आई-बाप, धाकटा भाऊ अर्जुना आणि राखणीची कुत्री, एवढाच काय तो बोलायचा शेजार. मग हरणी कळपातल्या शेळ्यांशी बोलायची. आपणच विचारायची आणि शेळीच्या वतीनं आपणच उत्तर द्यायची. शेळीचा आवाज वेगळा काढायची. नाकातून, जरा चिरका, भांडायला उठल्यासारखा. ऐकणारा हसून हसून खाली बसायचा.

आष्ट्याच्या एका बागाईतदाराच्या रानात जोतिबाचा कळप दरसाल बसायचा. त्या घरातला थोरला भाऊ फौजेत होता. धाकटा विश्वजित मुंबईला चित्रकला शिकून आलेला, त्यामुळं घरात त्याला कोणी फारसं मोजत नसे. ऊस सोडून माणूस दिवसभर कागदावर जनावरं काढतो, हे त्याच्या वडिलांना काही केल्या कळत नव्हतं. तर हा विश्वजित एका सकाळी बांधावर बसून मेंढरांची चित्रं काढत होता, आणि त्याच्या कानावर भांडण आलं. एक पोरगी आणि एक शेळी. पोरगी म्हणत होती, "बाभळीवर का चढलीस गं?" शेळी म्हणत होती, "मग काय तुज्या डोस्क्यावर चढू?" विश्वजितनं मागं वळून पाहिलं. शेळी मुकाट्यानं पाला खात होती.

त्याच दिवशी तो जोतिबाच्या पालापाशी येऊन बसला. दगडाबाईनं त्याला भाकरी आणि खर्डा वाढला. त्यानं सांगितलं, मी टीव्हीसाठी हलत्या चित्रांची मालिका करतोय. त्यात बोलणारी जनावरं आहेत. एक शेळी आहे, लवंगी नावाची, लहान पण तिखट. तिला आवाज पाहिजे, आणि तो तुमच्या पोरीच्या गळ्यात आहे. जोतिबाला यातलं काही समजलं नाही. पण पाटाच्या पाण्याजवळचं रान देणाऱ्या घरचा मुलगा आपल्या पालात बसून खर्डा खातो, हे त्याला पुष्कळ होतं. तो म्हणाला, "न्या की, दादा. पर कळप हलायच्या आत परत आणा."

सांगलीला विश्रामबागेत एका मित्राच्या घरात विश्वजितनं खोली तयार केली होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना वाकळा लावलेल्या. हरणीची शाळा दुसरीपर्यंतच झालेली, तिला धड वाचता येत नव्हतं. मग विश्वजित तिला नुसता प्रसंग सांगायचा. कळपाच्या मागावर असलेला लांडगा दर भागात नवं सोंग घेऊन यायचा, आणि त्याला ओळखायचं काम लवंगीचं. लांडग्याचा आवाज विश्वजितच द्यायचा, घोगरा आणि साळसूद. तो म्हणायचा, "हरणे, लांडगा आलाय. म्हणतोय, मी माळ घातलीय, मटण सोडलंय. लवंगी काय म्हणेल?" हरणी क्षणभर डोळे मिटायची आणि नाकातून बोलायची, "माळ घातलीस व्हय? मग तोंडाला पाणी कशाचं सुटलंय रं?"

विश्वजित हसता हसता हातातली पेन्सिल टाकायचा. लवंगीची निम्मी वाक्यं अशी हरणीच्याच तोंडची होती.

मालिका टीव्हीवर लागली तेव्हा वस्तीतले सगळे कवठ्याला ट्रॅक्टरवाल्याच्या घरी जमले. चित्रं जरा अडखळत हलायची. लवंगीचे पाय कधी चार दिसायचे, कधी तीन. पण ती बोलायला लागली आणि घरात एकच कालवा झाला. हरणी तर समोरच मांडी घालून बसलेली, मग आत कोण बोलतंय? जोतिबानं जन्मात टीव्ही पाहिला नव्हता. तो एकदा पोरीकडं बघायचा, एकदा पडद्याकडं. शेवटी पटका सारखा करून म्हणाला, "माजी पोरगी दोन ठिकाणी हाय." पुढं मालिका संपली, पण बाजारात मेंढरं घेऊन गेला की लोक त्याला लवंगीचा बा म्हणून हाक मारत. त्याला ते फार आवडायचं. काही वर्षांनी तो छातीच्या दुखण्यानं गेला.

हरणीचं लग्न तानाजीशी झालं. तो एसटीत चालक. सांगलीच्या डेपोत नेमणूक, म्हणून बिऱ्हाड विश्रामबागेत आलं. लग्नाला विश्वजितदादा आष्ट्याहून मुद्दाम आले होते. हळदीच्या अंगानं हरणीनं त्यांना नमस्कार केला, आणि त्यांनी तिला काचेच्या चौकटीतलं लवंगीचं चित्र दिलं. म्हणाले, "हरणे, तू नसतीस तर ही शेळी मुकी राहिली असती." ते चित्र तिनं संसारातल्या पहिल्या खिळ्याला टांगलं. पुढं तिनं घरातच खाणावळ सुरू केली. जत, आटपाडीकडून शिकायला आलेली पोरंपोरी जेवायला यायची. चित्राखालच्या जागेसाठी त्यांची चढाओढ असे, कारण तिथं बसलेल्याला मावशी लवंगीच्या आवाजात वाढायची. "खा की रं, का कागद खाऊन ऱ्हातोस?"

तिची मुलगी क्रांती हाच आवाज ऐकत लहानाची मोठी झाली, पण मालिका तिनं कधी पाहिली नव्हती. कुठं मिळतच नव्हती. विश्वजितदादांचं पुढं नाव झालं. मुंबई-पुण्याला त्यांचे सत्कार व्हायचे, पेपरात फोटो यायचा. तो कापून हरणाबाई फळीवरच्या डब्यात ठेवायची. अर्जुना अजून दरसाल त्यांच्या रानात मेंढरं बसवायचा, आणि परत आला की सांगायचा, "दादांनी तुजी चौकशी केली. हरणी कशी हाय म्हनले." हरणाबाईचा तेवढा दिवस बरा जायचा.

क्रांती पुण्याला नोकरीला लागली. एका दिवाळीला ती घरी आली ती पिशवीतून एक चपटा डबा घेऊनच. डब्यावर लवंगी. पायाखाली बाभळीची फांदी, शेपटी वर. आत डीव्हीडी. मालिकेला तीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या एका कंपनीनं सगळे भाग नव्यानं काढले होते. क्रांती म्हणाली, "आई, मी अजून लावली नाहीये. तुझ्याबरोबर बघायची म्हणून ठेवलीय."

हरणाबाईनं तो डबा पदरानं पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. मग तिनं अर्जुनाला फोन लावला, "आईला घिऊन ये."

दगडाबाईला तेव्हा दिसत नव्हतं. काचबिंदूनं एक डोळा आधी गेला, मग दुसरा. पाडव्याच्या दुपारी अर्जुना तिला हाताला धरून आत घेऊन आला. पोरं गावाकडं गेलेली, म्हणून खाणावळ बंद होती. तानाजीनं शेजारच्या घरातून माळ्यावर टाकलेला डीव्हीडी प्लेअर आणला, त्यावरची धूळ झटकली आणि तारा जोडायला घेतल्या. दगडाबाईला टीव्हीच्या अगदी जवळ, पाटावर बसवलं. ती म्हणाली, "मला काय दिसायचं न्हाई. पर ऐकू येतंय लय बेस." वाट बघता बघता ती सगळ्यांना सांगत होती, जोतिबा तेव्हा काय म्हणाला, ट्रॅक्टरवाल्याची बायको कशी चकित झाली. अर्जुनाला सगळं पाठ होतं, तरी तो हूं हूं करत होता.

गाणं लागलं. तेच जुनं, ढोलकीवरचं. हरणाबाई टीव्हीजवळ सरकली. चित्रं मात्र आता स्वच्छ दिसत होती, रंग उजळलेले. माळ आला, कळप आला, बाभळीमागून लांडगा आला. "राम राम मंडळी," तो म्हणाला, घोगरा आणि साळसूद. हरणाबाई हसली. दादांचा तरणेपणीचा आवाज, जसाच्या तसा. "मी आता माळ घातलीय. मटण सोडलं."

लवंगी पुढं आली. तोंड उघडलं.

"तू माळ घातलीस ना? मग तुझ्या तोंडाला पाणी का बरं सुटलंय?"

आवाज गोड होता. लहान मुलीचा, शहरातल्या शाळेत पाठांतराला बक्षीस मिळवणाऱ्या मुलीचा. हरणाबाईला वाटलं, ही दुसरी कोणी शेळी असेल, लवंगी मागून येईल. पण पडद्यावर लवंगीच होती. कान उडवत होती, आणि पुन्हा त्याच आवाजात बोलत होती.

दगडाबाईनं हात वर केला. "थांबा. ही कोन बोलतीया?"

"लवंगी हाय, आई," अर्जुना म्हणाला.

"ही आपली हरणी न्हाई."

क्रांतीनं पुढचा भाग लावला, मग त्याच्या पुढचा. सगळीकडं तोच गोड आवाज. कळपातली मेंढरंसुद्धा आता पुस्तकातल्यासारखी बोलत होती. लांडगा मात्र जुनाच. म्हैस जुनी, कावळा जुना. क्रांतीचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "आई, यात शेवटी त्यांची मुलाखत आहे. काहीतरी कारण सांगितलं असेल." आणि तिनं मुलाखत लावली.

विश्वजितदादा पडद्यावर आले. केस पांढरे, अंगात खादीचा झब्बा, मागं भिंतीवर लवंगीची चित्रं. चित्र कसं काढायचो, माणसं किती थोडी होती, असं बरंच बोलले. मग समोरून कुणीतरी विचारलं, लवंगीचा मूळ आवाज कुणाचा होता? दादांनी खाली बघितलं.

"एक धनगराची मुलगी होती," ते म्हणाले. "आमच्या रानात कळप यायचा. कुठं शाळा नाही, काही नाही, पण गळ्यात जादू. दुर्दैवानं ती लहानपणीच वारली. मालिका संपली आणि वर्षाच्या आतच गेली. मूळ ध्वनिफीतही पुढं खराब झाली. म्हणून हा नवा आवाज. पण माझ्या कानात अजून तीच बोलते."

बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

दगडाबाईचा हात हवेत चाचपडायला लागला. "हरणे," ती म्हणाली. "हरणे, कुटं हायस?"

"हितंच हाय, आई."

दगडाबाईनं तिचं मनगट धरलं, मग दंड, मग तोंडावरून हात फिरवला. आणि सोडलाच नाही. तानाजीनं टीव्ही बंद केला. वातावरण हलकं करायचं म्हणून म्हणाला, "आगं, जित्या मानसाला मेला म्हनलं की त्येचं आयुष्य वाढतंय." कोणी हसलं नाही. तो उठून प्लेअरच्या तारा गुंडाळायला लागला.

त्या दिवशी हरणाबाई रडली नाही. तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं. भांडी घासताना तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. चूक झाली असेल. एवढ्या वर्षांत दादांना कुणीतरी काहीतरी चुकीचं सांगितलं असेल. पण मग अर्जुनाजवळ ते कुणाची चौकशी करत होते? हा विचार आला की ती हातातलं पातेलं पुन्हा पहिल्यापासून घासायची.

भाऊबीज झाली, क्रांती पुण्याला गेली, आणि हरणाबाईनं आष्ट्याची एसटी धरली. तानाजी बरोबर येतो म्हणत होता, तिनं नको म्हटलं. लवंगीचं चित्र तिनं भिंतीवरून काढून पिशवीत घातलं होतं. जे बोलायचं ते बोलून झालं की हे त्यांच्यापुढं ठेवायचं आणि निघायचं, असं तिनं ठरवलं होतं.

दार विजयमालावहिनींनी उघडलं. दादांच्या मंडळी. त्या तिला बघून मनापासून खुलल्या. "अगंबाई, हरणी! किती वर्षांनी गं!" आणि आत तोंड करून म्हणाल्या, "आवं, हरणी आलीया बघा!"

दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली. ते हसले, पण त्याआधी त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी जे गेलं, ते हरणाबाईनं पाहिलं. चूक झाली असेल ही तिची आशा तिथंच संपली.

"बस की. कशी आहेस? तानाजीराव काय म्हणतात?"

ती बसली नाही. "दादा, मी मेले कवा?"

वहिनी चहाला वळल्या होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. दादांनी चष्मा काढला. "काय बोलतेस हे?"

"तुमीच बोललाय. डीव्हीडीत. माज्या आईनं ऐकलं."

"अगं, ते कंपनीवाल्यांनी कापाकापी केलीय. मी म्हणालो, ती लहान मुलगी आता राहिली नाही. म्हणजे मोठी झाली. त्यांनी मागचं-पुढचं तोडलं आणि..."

"वारली म्हनालासा. वर्साच्या आत गेली म्हनालासा. क्रांतीनं परत लावून ऐकवलं मला."

वहिनी म्हणाल्या, "असं बोललात तुम्ही?" दादा पेपरची घडी घालायला लागले.

"आनि आवाज खराब झालता म्हनं माजा," हरणाबाई म्हणाली. "एकाच खोलीत, एकाच टेपवर आपुन दोघं बोलत हुतो, दादा. तुमी माज्या म्होरं बसायचा. मग लांडग्याचा आवाज कसा काय टिकला?"

दादा चष्म्याच्या काड्या उघडत मिटत राहिले. मग जे आलं ते तुकड्या-तुकड्यांनी आलं. कंपनीचं म्हणणं होतं, पोरांनी असली भाषा उचललेली आईबापांना चालत नाही, शेळी-मेंढरांची बोली बदला. दादा आधी नाही म्हणाले. मग हो म्हणाले. कंपनीतल्या एका बाईनं विचारलं, मूळ आवाज कुणाचा, त्यांची परवानगी लागेल का, त्यांनाही मुलाखतीला बोलवू या का. आणि दादांना बोलवता येईना. कारण त्याच्या कितीतरी आधी, मुंबईच्या एका कार्यक्रमात, ती मुलगी वारली असं ते बोलून बसले होते.

"का?"

"काय सांगू, हरणे. त्याच्या आधी जिथं जिथं सांगायचो की धनगराची पोरगी होती, आता सांगलीत खाणावळ चालवते, तिथं लोक मान हलवायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, ती आता नाही. सगळं सभागृह गप्प झालं. पुढं बसलेली एक बाई रडायला लागली. नंतर मग लोक तेवढंच विचारायचे. ती मुलगी, ती मुलगी. मला मागं फिरता आलं नाही."

"म्हंजी मी जिती हाय त्यात काय गम्मत नव्हती."

"तसं नव्हे गं."

"तसंच हाय की. अर्जुनाला दरसाल इचारत हुता, हरणी कशी हाय. ते कशापायी? मी कुटं त्या सभंला यायची न्हाई ना, ते बगाया?"

दादांनी खाली मान घातली. हे खरं होतं की नव्हतं, ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तुझ्यापर्यंत हे येईल असं वाटलं नव्हतं."

या वाक्यानं हरणाबाईला जेवढं लागलं तेवढं मघाच्या कशानंच लागलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आपण या घराला ठाऊक आहोत. आपण कोण, कुठं, काय करतो, सगळं. आणि ठाऊक होतंही. फक्त आपण ऐकू, आपल्याला कळेल, हे या माणसाच्या हिशेबातच नव्हतं.

"जुनी टेप कुटं हाय?"

"कंपनीकडं दिली होती."

"परत मागा."

"नाहीये गं ती आता. त्यांनी पाहिजे तेवढं काढून घेतलं आणि बाकीचं टाकून दिलं. मी एकदा विचारलं होतं."

"तुमच्याजवळ एक बी न्हाई?"

"ठेवायला हवी होती," दादा म्हणाले. "ठेवली नाही."

हरणाबाई पहिल्यांदा खुर्चीवर टेकली. "माज्या बानं ऐकलेला आवाज हुता त्यो," ती म्हणाली. "बा गेला. त्येनं माजं काय ऐकलं असंल तर त्येवढंच." वहिनी डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. चहा आतल्या आत उतू गेल्याचा वास आला, तरी त्या हलल्या नाहीत.

मग हरणाबाईनं फोन काढला आणि अर्जुनाला लावला. "आईजवळ दे," म्हणाली, आणि फोन दादांच्या पुढं धरला. "सांगा तिला. परवापास्नं ती झोपत न्हाई. अर्जुनाला उटवती, हरणीला फोन लाव म्हनती. तुमी सांगितलं तेच परत सांगा, न्हाईतर खरं काय ते सांगा."

दादांनी फोन घेतला. "दगडाबाई, मी आष्ट्याचा विश्वजित बोलतोय. माझं चुकलं. हरणी इथं माझ्यासमोर बसलीय. चांगली आहे."

फोनमधून दगडाबाईचा आवाज खोलीभर ऐकू आला. दिसेनासं झाल्यापासून ती मोठ्यानंच बोलायची.

"हरणी चांगली हाय ती मला ठावं हाय. सकाळीच बोलली माज्यासंगं. तुमी माज्या हातची भाकरी खाल्लीया, दादा. तुमी तसं का म्हनला, त्येवढं सांगा."

दादा फोन कानाला धरून उभे राहिले. पलीकडून दगडाबाई थोडा वेळ वाट बघत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिनंच अर्जुनाला म्हटलं, "ठेव. न्हाई सांगत त्ये."

निघताना दादा फाटकापर्यंत आले. पुढच्या आवृत्तीत सगळं दुरुस्त करून घेतो म्हणाले. आष्ट्यातच कार्यक्रम ठेवतो, तुझा सत्कार करतो, सगळ्यांसमोर सांगतो की लवंगी ही. हरणाबाईनं हो-नाही काही म्हटलं नाही. एसटीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की पिशवीतलं चित्र काढायचं राहूनच गेलं. उतरून परत जावं असं क्षणभर वाटलं, पण त्या दारात पुन्हा उभं राहायची तिची इच्छा नव्हती. घरी येऊन तिनं ते कपाटावर ठेवलं, तोंड भिंतीकडं करून. तानाजीनं विचारलं, तर म्हणाली, "असू दे तितंच."

त्या साली अर्जुनानं आष्ट्याच्या त्या रानात मेंढरं बसवली नाहीत. दादांनी माणूस पाठवला होता. अर्जुना त्याला म्हणाला, "औंदा दुसरीकडं शब्द दिलाय," आणि वाटेच्या पलीकडच्या रानात पाल ठोकलं. आपल्या बांधावरून दादांना कळप दिसत असणार. क्रांतीनं पुण्याच्या कंपनीत तीनतीनदा फोन केले. तिथली मुलगी दर वेळी गोड बोलायची, साहेबांना सांगते म्हणायची. क्रांती म्हणाली, मी हे सगळं मोबाईलवर लिहून टाकते, लोकांना कळू दे. हरणाबाईनं तिला अडवलं नाही. क्रांतीनं लिहिलंही. कुणी हळहळलं, तर कुणी विचारलं, पुरावा काय? जुना आवाज असेल तर ऐकवा. ऐकवायला काहीच नव्हतं.

सत्काराचं काही झालं नाही. दादांचा फोन एकदा आला होता, हरणाबाई भाकऱ्या थापत होती. नाव बघितलं आणि फोन वाजू दिला.

खाणावळ चालूच राहिली. फक्त वाढताना मावशी आपल्या साध्या आवाजात बोलायला लागली. जुन्या पोरांनी चार दिवस गळ घातली, मग ती परीक्षेच्या नादात विसरली. पुढच्या जूनमध्ये जतकडची सोनिया म्हणून एक मुलगी जेवायला यायला लागली. बोलकी होती. शिक्षिका व्हायचं म्हणून शिकत होती. एका दुपारी तिनं लहानपणच्या कार्टूनचा विषय काढला. म्हणाली, मामानं लवंगीची डीव्हीडी आणलीय, मी सगळे भाग बघितले. "आणि मावशी, त्यात शेवटी मुलाखत आहे. त्या मूळच्या मुलीबद्दल. बिचारी लहानपणीच गेली. मी एवढी रडले ना!"

हरणाबाई आमटीचं पातेलं घेऊन उभी होती.

"ती मीच," ती म्हणाली.

सोनिया तिच्याकडं बघत राहिली, आणि मग खळखळून हसली. "मावशी, तुम्ही पण ना! ती वारलीय हो. त्या सरांनी स्वतः सांगितलंय, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

लवंगीचं एक वाक्य नाकातून काढलं असतं, तर नवा आवाज ऐकलेल्या या पोरीलाही कळलं असतं, ही शेळी कुणाची. पोरगी थाळी सोडून उठली असती, पाया पडली असती. हरणाबाईच्या नाकापर्यंत तो आवाज आलाही. पण तिनं तो काढला नाही. त्या माणसानं खोटं बोलावं, आणि खरं असल्याची परीक्षा आपण द्यावी, ते तिच्यानं होईना.

"आमटी वाढू का अजून?" तिनं विचारलं.

"थोडीच," सोनिया म्हणाली, आणि त्या मेलेल्या मुलीबद्दल पुढं सांगायला लागली.